नखाएवढा म्हावरा

पनवेलात माशाचं वर्णन तोंडाने करत नाहीत, हाताने करतात. उजव्या हाताची कड डाव्या मनगटावर ठेवली तर बांगडा, कोपरावर ठेवली तर रावस, आणि ती सरकत सरकत खांद्यापर्यंत गेली तर समजायचं, बोलणारा नुकताच उरणच्या लग्नाहून आलाय. कोळीवाड्यापासून नवीन पनवेलच्या सेक्टरांपर्यंत हे माप सगळ्यांना पाठ आहे. हाताला नख आणि बोटाचं पेर हेही भाग असतात, पण त्यांचा माशाशी काही संबंध असू शकतो, असं इथे कुणाच्या मनात आलेलं नाही.

त्यामुळे आमच्या हॉलमध्ये दोन फुटी काचेची टाकी आली, तिच्यात झाडं लागली आणि झाडांतून अंगठ्याच्या एका पेरात मावतील असे मासे फिरायला लागले, तेव्हा घरी येणाऱ्या प्रत्येकाने पहिला प्रश्न एकच विचारला.

"मोठे किती होतात?"

"एवढेच."

"म्हणजे अजून पिल्लं आहेत."

"नाही, चांगले वयात आलेले आहेत."

यानंतर माणूस टाकीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतो. आमच्या सासूबाई माहेरच्या उरणच्या. त्यांनी पहिल्या दिवशी चष्मा पुसून टाकीत नीट पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाता जाता म्हणाल्या, "जवळ्याला बंगला बांधलाय."

ॲक्वेरियमच्या दुकानातही या माशांना काही मान नाही. दर्शनी टाकीत फ्लॉवरहॉर्न असतो. त्याच्या कपाळावर भलंमोठं टेंगूळ, आणि टेंगूळ जितकं मोठं तितकी घरात लक्ष्मी जास्त, असं दुकानदार सांगतो. तो एकटाच असतो, कारण सोबतीला दिलेल्याला तो खातो. शेजारी अरोवाना, ज्याची दिशा वास्तुवाल्यांनी ठरवून दिलेली असते. मग ऑस्कर, मग गोल्डफिश. आणि सगळ्यात खालच्या रांगेत, गुडघे टेकल्याशिवाय दिसत नाही अशा टाकीत निऑन टेट्रा, कार्डिनल, रास्बोरा, झेब्रा डॅनिओ. मी गुडघे टेकले की दुकानदार वरून विचारतो, "ऑस्करला घालायला हवेत का?"

पाळायला हवेत म्हटलं की तो दुसरा प्रश्न टाकतो, "जोडी देऊ?" आपल्याकडे मासे जोडीने घ्यायची पद्धत गप्पी आणि मोलींनी पाडली. त्यांची एक जोडी घरी आणली की दोन महिन्यांत नातेवाइकांना वाटायची वेळ येते. टेट्रा, रास्बोरा, डॅनिओ यांचं तसं नाही. हे झुंडीने राहणारे. निदान सहा तरी लागतात, दहा-बारा असले तर उत्तम. एकटा निऑन टेट्रा ठेवलात तर तो फिका पडतो, झाडामागे दडी मारतो, खाणं सोडतो आणि काही दिवसांनी या जगातून काढता पाय घेतो. जोडी ठेवलीत तर दोघे दडी मारतात, एवढाच फरक. "डझन द्या" म्हटल्यावर दुकानदाराने माझ्याकडे जसं पाहिलं तसं पनवेलच्या बाजारात एक डझन केळी मागणाऱ्याकडे कुणी पाहत नाही.

पण डझन मासे आणण्याआधी एक फार अवघड काळ जावा लागतो. टाकी भरलेली, माती आणि वाळू घातलेली, झाडं लावलेली, दिवा लावलेला, फिल्टर चालू, आणि मासे नाहीत. हा काळ चार ते सहा आठवड्यांचा. कारण असं की माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं आणि झाडं ते खातात. ही जिवाणूंची वसाहत फिल्टरमध्ये आणि वाळूत नीट बसेपर्यंत मासे आणायचे नाहीत. हे सगळं शास्त्र मला व्यवस्थित माहीत आहे. ते पाहुण्यांना सांगता येत नाही, एवढीच अडचण.

"मासे कुठायत?"

"अजून आणले नाहीत."

"मग हे काय वाढवतेस?"

"जिवाणू."

नणंदेने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या मुलाला तिने टाकीपासून जरा लांब बसवलं आणि पुढचा अर्धा तास आमच्या घरात कुणाला ताप वगैरे आहे का, याची आडून आडून चौकशी केली.

खरं तर या छंदात मासे हा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. बाकी सगळी शेती. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तिच्यात काठोकाठ चोपन्न-पंचावन्न लिटर पाणी मावतं, आणि या एवढ्याशा पाण्याखाली आमचं शिवार. पाण्याखालची बाग हे एक वेड म्हणून जगात पसरलं ते ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकारामुळे. मोठे मासे हटवून त्यांनी दगड, लाकूड, शेवाळ आणि छोट्या माशांची झुंड एवढ्यावर अख्खी डोंगरदरी उभी करून दाखवली. २०१५ मध्ये ते गेले, आणि त्याच वर्षी लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी मांडलेली चाळीस मीटर लांबीची टाकी लोकांसाठी उघडली. चाळीस मीटर! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना दोन फुटांचीच धास्ती. "फुटली तर खालच्यांच्या पीओपीचं काय?" असा त्यांचा रोकडा सवाल.

अमानोंचं पुस्तक चाळून नवऱ्याला दगडांचं वेड लागलं. दुकानात 'ड्रॅगन स्टोन' नावाचा दगड किलोवर विकतात, हे कळल्यावर त्याच्यातला कोकणी माणूस दुखावला. दगडाला पैसे? सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून? मग आम्ही हिवाळ्यात गाढेश्वरच्या बाजूला गेलो. दगड टाकीत चालेल का, हे पाहायची घरगुती रीत अशी की त्यावर लिंबू पिळायचं. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी जड करतो आणि टेट्रांना जड पाणी मानवत नाही. आपला काळा कातळ म्हणजे बेसाल्ट, तो शांत बसतो. नवरा गाढी नदीच्या काठी उकिडवा बसून एकेका दगडावर लिंबू पिळत होता आणि कान लावून ऐकत होता. पलीकडे सहलीला आलेल्या कुटुंबातली आजी बराच वेळ बघत होती. शेवटी तिने नातवाला पाठवलं. "आजी विचारतेय, मीठ हवंय का?"

झाडांमध्ये एक गंमत कळली. दुकानात 'बाकोपा' म्हणून ऐटीत विकतात ती आपली ब्राह्मी. पाणथळ जागी वाढणारी, तेलात घालतात ती. हे मी सासूबाईंना उत्साहाने सांगितलं. तेव्हापासून टाकीची एक बाजू वाढतच नाही. मी खतं बदलली, दिव्याचे तास बदलले. मग एका दुपारी त्या बाह्या सरसावून टाकीत हात घालताना दिसल्या. "केस गळतायत," त्या म्हणाल्या, "आणि तुझ्या त्या माशांना काय केस आहेत?"

झाडांना वाढायला कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचा सिलिंडर महाग, म्हणून सुरुवातीला बाटलीत साखर, पाणी आणि यीस्ट घालून तो घरीच करतात. ते आंबतं, वायू नळीतून टाकीत जातो, झाडांच्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे येतात. बाटलीत मागे काय उरतं, हे ज्याला दहावीचं रसायनशास्त्र आठवतं त्याला सांगायला नको. शेजारचे काका अत्यंत सज्जन, निवृत्त, पहाटे फिरायला जाणारे. एकदा ते वर्तमानपत्र मागायला आले, दारातच थांबले, हवा हुंगली आणि फार आदराने म्हणाले, "घरीच करता का?" मी झाडांचं, प्रकाशसंश्लेषणाचं सगळं सांगितलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली. त्यानंतर महिनाभर ते वर्तमानपत्र मागायला जरा वारंवार यायचे.

मासे आले आणि मग खऱ्या तज्ज्ञ व्यक्तीचं लक्ष टाकीकडे गेलं. आमच्याकडे सकाळी पाटी घेऊन येणारी कोळीण मावशी. तिच्याइतके मासे या शहरात कुणी पाहिलेले नसतील, पण जिवंत मासा काचेतून बघायची तिची ही पहिलीच वेळ. पाटी खाली ठेवून ती टाकीसमोर फतकल मारून बसली. बाकी सगळे रंग बघतात. ती कल्ले बघत होती.

"यांना दम लागलाय ताई," ती म्हणाली. "रातच्याला वारा नाय मिलत यांना. पानी हलव."

मासे खरोखरच पाण्याच्या वरच्या थरात येऊन भराभर तोंड हलवत होते. झाडं दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री दिवा बंद झाला की तीही आपल्यासारखीच श्वास घेतात, त्यामुळे पहाटे पाण्यातला प्राणवायू सगळ्यात कमी असतो. त्यात उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तिशीला तो साडेसातवर येतो, आणि पनवेलच्या एप्रिलमध्ये तीस अंश म्हणजे थंडी. हे मी मावशीला सांगणार होते, पण तिने ते कल्ल्यांच्या एका नजरेत आधीच ओळखलं होतं. तिच्या सल्ल्याने फिल्टरचं तोंड वर केलं, पाणी खळखळायला लागलं, मासे खाली गेले. मावशीने पाटी उचलली. जाताना एकदा वळून पाहिलं आणि व्यावसायिक हळहळ व्यक्त केली, "येवढं सांबाळून शेवटी येक घास पन नाय."

आता या छोट्यांच्या झुंडीचं सगळ्यांना फार कौतुक. पाहुणे म्हणतात, "किती एकोप्याने राहतात बघा, नाहीतर माणसं!" या वाक्यानंतर साधारणपणे भावकीतल्या जमिनीचा विषय निघतो. एकोप्याचं तेवढं खरं नाही. १९७१ मध्ये डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने प्राणी कळप का करतात यावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्याने एक गोल तळं कल्पलं, काठावर बेडूक आणि पाण्यात एक साप. साप वर येईल तेव्हा सगळ्यात जवळचा बेडूक खाणार. मग प्रत्येक बेडूक काय करेल? दोन बेडकांमधल्या फटीत उडी मारेल, म्हणजे साप आधी शेजाऱ्याला खाईल. सगळ्यांनी हेच केलं की आपोआप बेडकांचा ढीग होतो. कळपामागे प्रेम नाही, 'मला मधे घ्या' एवढंच आहे.

हे पनवेलकरांना वेगळं समजावून सांगायला नको. सकाळची पनवेल-सीएसएमटी लोकल इथूनच सुटते, म्हणून जागा मिळते, याचा आम्हाला केवढा अभिमान. मग खांदेश्वर-मानसरोवरची माणसं उलट्या दिशेने पनवेलला येतात, गाडीतून उतरतच नाहीत आणि तिथेच बसून राहतात. त्यांच्यावर पनवेलकर डाफरतात, मानसरोवरचे उभे राहणारे दोघांवर डाफरतात, आणि वाशी येईपर्यंत दारातला प्रत्येक जण 'आत सरका' म्हणत स्वतः मधे सरकत असतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, केवढी माणसं, कशी एकमेकांना चिकटून, गुण्यागोविंदाने चाललीत. टाकीतल्या बारा निऑनांचं नेमकं हेच आहे. फक्त त्यांना एकमेकांचे धक्के लागत नाहीत, कारण माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा असते. तिने शेजारच्याच्या हालचालीने पाण्यात उठणारी लहर कळते आणि तो वळायच्या आत हा वळलेला असतो. हार्बर लाइनवर हे तंत्र अजून आलेलं नाही.

आणि धोका नसेल तर झुंड मोडते, हेही आहे. टाकी जुनी झाली, मासे निवांत झाले की निऑन इकडेतिकडे विखुरतात, आपापली पानं धरून बसतात. दुकानात झुंड बघून भाळलेल्या माणसाला हे पाहून फसवल्यासारखं वाटतं. मग कुणीतरी म्हणतं, टाकीत एक मोठा मासा टाका, लगेच एकत्र येतील. आमच्या सोसायटीत तो प्रयोग सहाव्या मजल्यावरच्यांनी एंजल फिश आणून केला. मासे एकत्र आले खरे. एंजलच्या पोटात.

'शांत मासे' ही पाटीही जरा जपूनच वाचावी. इतरांशी शांत, एवढाच तिचा अर्थ. झेब्रा डॅनिओ एकमेकांच्या मागे दिवसभर पळतात, त्यांच्यात एक दादा असतो आणि बाकीच्यांनी त्याच्या वाटेत यायचं नसतं. टायगर बार्ब कमी ठेवले तर दुसऱ्यांचे पर कुरतडतात, जास्त ठेवले तर आपापसात भांडण्यात गुंततात आणि इतरांना सोडतात. ज्याने सोसायटीच्या वार्षिक सभेला हजेरी लावली आहे त्याला हे तत्त्व लगेच पटतं.

निऑन टेट्राची आणखी एक खोड आहे. त्याच्या अंगावरचा निळा पट्टा रंगद्रव्याचा नाही. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होतो म्हणून तो निळा दिसतो, आणि अंधारात मासा तो पट्टा जवळजवळ मिटवून टाकतो. नवरा एका रात्री पाणी प्यायला उठला, त्याने हॉलमधला दिवा लावला आणि मला हाक मारली ती थेट पोलिसांना बोलवावं अशा आवाजात. "अगं, रंग उतरला! आपल्याला रंगवलेले मासे दिले!" बाजारात इंजेक्शनने रंगवलेले काचमासे विकतात, त्यामुळे त्याचा संशय अगदीच वावगा नव्हता. मी पाच मिनिटं थांबायला सांगितलं. पाच मिनिटांत बाराच्या बारा निळे. नवऱ्याने दुसऱ्या दिवशी रात्री मुद्दाम दिवा लावून पुन्हा खात्री केली. मासे आता त्याला बघितलं तरी फिके पडतात.

दर आठवड्याला टाकीतलं पाव भाग पाणी बदलावं लागतं. पावसाळ्यात याचं कुणाला काही वाटत नाही. मे महिन्यात मात्र हा सामाजिक गुन्हा असतो. जुन्या पनवेलला पाणी देणाऱ्या देहरंग धरणाचा तळ दिसायला लागला की पाणी एक दिवसाआड होतं, बादल्यांच्या रांगा लागतात, आणि अशा वेळी एका बाईने माशांचं पाणी बदलायला पंधरा लिटर बादलीत साठवून ठेवलंय हे उघडकीला आलं तर काय होईल! नळाचं पाणी थेट घालताही येत नाही, त्यात क्लोरीन असतो. एक तर त्याचे थेंब मिळतात ते घालायचे, नाहीतर पाणी दिवसभर उघडं ठेवायचं. मी ते गॅलरीत चादरीखाली ठेवते. चादरीखाली काय आहे, हे सहाव्या मजल्यावरच्यांना माहीत आहे. त्यांच्या एंजल फिशलाही लागतं. आमचं परस्परांना अभय आहे.

काढलेलं पाणी टाकायचं नसतं. त्यात नायट्रेट असतं, म्हणजे फुकटचं खत. ते मी कुंड्यांना घालायला लागले आणि पहिला पेच तुळशीपाशी आला. "माशाचं पाणी तुळशीला?" सासूबाईंनी हंबरडाच फोडला. रविवारी सुरमई याच हाताने होते, हे मी काढलं नाही, पण तुळशीचं प्रकरण वेगळं, हे मलाही मान्य. म्हणून तुळस सोडून बाकी सगळ्यांना घातलं. कढीपत्ता फोफावला, मोगऱ्याला कळ्यांवर कळ्या. तुळस मात्र कानकोंडी. एका संध्याकाळी दिवा लावताना सासूबाई तुळशीला म्हणाल्या, "पाणी शेवटी पाणीच असतं बाई," आणि माझ्याकडे न बघता बादली पुढे ओढली.

हिवताप विभागाचे कर्मचारी घरोघर साठवलेलं पाणी तपासायला येतात, 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे त्यांचं जुनं ब्रीद. टाकी बघून त्यांच्यातला एक जण खूश झाला. "गप्पी आहेत?" "नाही, टेट्रा." "अळ्या खातात?" "आवडीने." त्याने कागदावर काहीतरी टिपलं. मासे मोठे किती होतात, हे न विचारता आमच्या घरातून गेलेला तो एकमेव माणूस.

पण या सगळ्या कौतुकात एक कुसळ आहे. निऑन टेट्रा ॲमेझॉनचा, १९३६ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. कार्डिनल रिओ निग्रोचा. हार्लेक्विन रास्बोरा मलायाकडचा. आणि आमच्या पनवेलच्या भाताच्या खाचरांत पहिल्या पावसात काय चढतं? मृगाच्या सरी लागल्या की ओढ्या-नाल्यांतून मासे वर शेतात चढतात, त्यांना वलगणीचे मासे म्हणतात. माझा पुतण्या एका जूनमध्ये मित्रांबरोबर भिजून, बादलीत काडीएवढे मासे घेऊन आला. अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. नवऱ्याने भिंग लावलं, पुस्तक उघडलं आणि ओरडला, "अरे, हा रास्बोरा!" खरोखर तो रास्बोराच होता, आपला देशी, डॅनिकोनियस. सासूबाईंनी बादलीत डोकावून पाहिलं. "याला भिंग कशाला लावतोस? तांदळाचं पीठ लाव."

तो टाकीत घालता येत नाही, हे खरं. चांगला मोठा व्हायला बघतो, उडी मारून बाहेर पडतो आणि रानातून रोग घेऊन येतो. शिवाय हे मासे अंडी घालायला वर चढत असतात, तेव्हाच उचलले तर पुढच्या वर्षी चढणार कोण? पुतण्याला हे सांगून बादली परत नाल्यात रिकामी करायला पाठवलं. परत आला तेव्हा बादली रिकामी होती, पण त्याच्या तोंडाला पिठाचा वास होता, असा नवऱ्याचा आरोप आहे.

बाहेरच्यांचं कौतुक करताना घरचे कुणी बघत नाही. तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर उघडलं, पनवेलच्या कितीतरी शाळांच्या सहली तिथे गेल्या, आणि प्रत्येक मुलाने घरी येऊन कासव आणि शार्क सांगितले. त्याच मत्स्यालयाचे क्युरेटर राहिलेल्या छापगरांनी सान्यांच्या जोडीने १९९२ मध्ये पश्चिम घाटातल्या एका इवल्याशा बार्बला नाव दिलं, हे कुठल्या निबंधात आलं नाही. तसाच दुसरा, केरळ-कर्नाटकच्या नद्यांतला, अंगावर लाल-काळी रेघ असलेला आणि दुकानात 'मिस केरळ' म्हणून मिरवणारा मासा धोक्यात आलाय. २०१३ मध्ये त्याच्या नव्या गटाला 'सह्याद्रिया' हे नाव मिळालं, ते ठेवणाऱ्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. मासा केरळचा, डोंगर आपला. आम्ही मात्र खालच्या रांगेत गुडघे टेकून ब्राझील शोधतो.

आणि झेब्रा डॅनिओ तर दुकानातला सगळ्यात स्वस्त, कारण तो आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या कंपनी सरकारच्या डॉक्टरने १८२२ मध्ये गंगेतल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. (बेडूकवाले हॅमिल्टन वेगळे. छोट्या माशांच्या भानगडीत हॅमिल्टन आडनाव फार.) पुढे ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये त्याचे क्लोन केले, आणि आज मुंबईच्या टीआयएफआरपासून पुण्याच्या आघारकर संस्थेपर्यंत शास्त्रज्ञ हा मासा पाळतात. माणसाच्या सुमारे सत्तर टक्के जनुकांना या माशात जोडीदार सापडतो, असं २०१३ मध्ये सिद्ध झालं. आमच्या घरातल्या काही जणांच्या बाबतीत हा आकडा मला कमी वाटतो. २०२४ मध्ये चीनने शेन्झोउ-१८ यानातून चार झेब्रा फिश आणि थोडं पाणवनस्पतीचं जावळ अंतराळस्थानकात नेलं. म्हणजे झाडं लावलेली टाकी आता पृथ्वीभोवती फिरून आली. वजनरहित अवस्थेमुळे मासे उलटे पोहले म्हणे. ही बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "उलटं पोहायला तिथे कशाला जायचं? तुझा दिवा रात्री लावला की इथेही पोहतील."

श्रावणात या माशांना बरे दिवस येतात. घरात मासळी बंद, कोळीण मावशी गावाला, आणि संध्याकाळी सगळं घर टाकीसमोर खुर्च्या ओढून बसतं. नवरा तर मासे मोजतो. त्याच्या नजरेत जे दिसतं ते वात्सल्य नक्कीच नसतं.

गणपतीला आम्ही उरणला जातो. निरोगी मासा आठवडाभर काहीही न खाता मजेत राहतो, झाडांवरचे बारीक जीव टिपतो. जास्त खायला घातलं तर उरलेलं कुजतं आणि पाणी बिघडतं, हा खरा धोका. म्हणून जाताना शेजारच्या काकांकडे किल्ली दिली, दिवा सकाळी लावा, रात्री बंद करा, आणि काहीही झालं तरी खायला घालू नका, हे तीनदा सांगितलं. चौथ्यांदा कागदावर लिहून काचेला चिकटवलं.

परत आलो तर पाणी पोपटी. पलीकडची काच दिसत नव्हती. मासे होते, बाराच्या बारा, पण त्यांची पोटं बघून मला मावशीची आठवण झाली, ती असती तर भाव केला असता. तेवढ्यात काका किल्ली घेऊन आले.

"काका, खायला घातलंत?"

"छे छे, तुम्ही लिहून ठेवलंय ना. फक्त प्रसाद." ते जरा चपापले. "आमच्याकडे आरती व्हायची, सगळ्यांना प्रसाद मिळायचा. भिंतीपलीकडे बारा जीव उपाशी, ते बरं दिसेना. चिमूटभर पंचखाद्य, बाकी काही नाही."

"पंचखाद्य?"

"खोबरं तरंगतं, ते नको म्हणाले. खारकेला तोंड लावलं नाही. खडीसाखर दिसेचना," काका टाकीजवळ जाऊन हिरव्या पाण्यात डोकावत म्हणाले. "पण खसखस, सूनबाई! खसखस बरोब्बर त्यांच्या मापाची."